पॅडच्या नकाशावर त्यांचा चौकोन काढा: टेक्सासमधल्या मराठी तेल-अभियंत्यांना खुलं पत्र

ह्यूस्टन, मिडलँड आणि सॅन अँटोनियोच्या तेलकंपन्यांत विहिरींची आखणी, खरेदी आणि सुरक्षेचं काम पाहणाऱ्या मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले कितीतरी जण पुण्याच्या एमआयटीत पेट्रोलियम शिकलेले. काहींनी ओएनजीसीत उरणला, नाहीतर मुंबई हायवर उमेदीची वर्षं घालवलेली. आज पर्मियन बेसिन आणि ईगल फर्ड या तेलक्षेत्रांतल्या पॅडचे (विहीर खणण्यासाठी तयार केलेल्या सपाट जागेचे) नकाशे, विहिरीच्या खर्चाचे एएफई (खर्चमंजुरीचे कागद) आणि कंत्राटांचे मसुदे तुमच्या सहीने पुढे सरकतात. त्या नकाशावर रिग (विहीर खणणारं यंत्र) असते, मडच्या (खणताना वापरायच्या चिखलद्रवाच्या) टाक्या, फ्लेअर (नको असलेला वायू जाळायची नळी), कंपनी मॅनचा (पॅडवरच्या तेलकंपनीच्या प्रतिनिधीचा) ट्रेलर, वाऱ्याचा बाण असतो. आतला रस्ता जिथे काउंटी रोडला मिळतो तिथे ‘गेट’ एवढाच शब्द असतो. त्या शब्दाच्या जागी प्रत्यक्षात गेट राखणारी दोन माणसं राहतात: स्वतःची आरव्ही (चाकांवरचं घर) घेऊन आलेलं, बहुतेक वेळा साठीच्या आसपासचं जोडपं, त्यांचा जनरेटर, पाण्याची टाकी, मैल्याची टाकी आणि पुष्कळदा एक कुत्रा. बाकीचे सगळे पॅडवर कामाला येतात आणि जातात. ही दोघं तिथेच झोपतात. तरीही बहुतेक नकाशांत त्यांचा चौकोन नसतो. गेटवर जे जे बिघडतं त्याचं मूळ आमच्या मते इथे आहे.

पुण्या-मुंबईत इमारत उभी राहत असताना फाटकाशी पत्र्याच्या खोलीत राहणारं वॉचमनचं कुटुंब आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तिथे सिमेंटच्या प्रत्येक गोणीचा हिशेब असतो, त्या खोलीत रात्री किती माणसं झोपतात याचा नसतो. ही सवय आपण सातासमुद्रापार आणू नये, म्हणून मराठीत आणि उघडपणे लिहितो आहोत.

आधी पैशाचं बोलून टाकू. गेट-गार्ड कंपनी तेलकंपनीकडून गेटचं काम घेते आणि जोडप्याला तिथे पाठवते. दोघांकडे टेक्सासच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याचा बिनशस्त्र रक्षकाचा परवाना मागितला जातो. मोबदला गेटमागे दिवसाला ठरतो, माणसामागे नाही. कॉर्पस क्रिस्टीच्या अशा एका कंपनीविरुद्ध केंद्रीय कामगार खात्याने ६० लाख डॉलरांहून अधिक थकीत वेतन मागितलं होतं. त्या खटल्यात दिवसाचा दर १०० ते १७५ डॉलर असल्याचं नोंदलं गेलं. २०१३ साली न्यायालयाने गेटवरची माणसं स्वतंत्र कंत्राटदार ठरवली, आणि २०१५ साली अपील न्यायालयाने खात्याच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढून वकिलांचा खर्चही त्याच्यावर टाकला. कायद्याचा तो निकाल आम्ही मानतो. पण गणित करून पाहा. ७.२५ डॉलर या केंद्रीय किमान दराने एका माणसाचे २४ तास म्हणजे १७४ डॉलर. म्हणजे वरच्या टोकाचा दरसुद्धा जेमतेम एका माणसाच्या किमान वेतनाइतका, आणि राहतात दोघं. रात्री गेट शांत असतं, सगळे तास काम नसतं, हे खरं. मात्र गेट सोडून जाता येत नाही, हेही तितकंच खरं. कंत्राटदार म्हणून स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर स्वतःच भरायचा. अपघात विमा बहुधा नाही, कारण टेक्सासमध्ये खासगी मालकालाच कामगार नुकसानभरपाईचा विमा सक्तीचा नाही, मग कंत्राटदाराची काय कथा. रिगचं एका दिवसाचं भाडं वीस हजार डॉलरांच्या पुढे जातं. त्या एएफईत गेटच्या ओळीत पन्नास डॉलर वाढवायला कुणाची मोठी परवानगी लागत नाही. त्या वाढीत दर आठवड्याला बारा तासांचा बदली माणूस बसतो, आणि गेटवर सगळ्यात जास्त उणीव त्याचीच असते. तो नसला की दोघांपैकी एकाने किराणा, दवाखाना, गॅसचा सिलिंडर यासाठी बाहेर पडायचं आणि दुसऱ्याने सलग जागायचं.

आता नोंदवही. गेटचं खरं काम चोर पकडणं नाही. केबलचं तांबं, पाइप, अवजारं यांची चोरी गेटवर माणूस दिसला की कमी होते, आणि जमीनमालकाची गुरं रस्त्यावर येत नाहीत, एवढं पुरे. खरं काम हे की कुठल्याही क्षणी पॅडवर किती माणसं आहेत ते सांगता आलं पाहिजे. गॅसचा भोंगा झाला, विहीर उसळली, आग लागली, तर बचाव पथक पहिला प्रश्न हाच विचारतं. उत्तर फक्त गेटच्या वहीत असतं.

छापील वहीत बहुधा वेळ, नाव, कंपनी, गाडीचा नंबर, कुणाकडे काम आणि बाहेर पडण्याची वेळ एवढेच रकाने येतात. माणसांच्या संख्येचा रकानाच नसतो. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा या पाळीबदलाच्या वेळी एका व्हॅनमध्ये पाच-सहा जण येतात आणि वहीत फक्त चालकाचं नाव चढतं. केसिंगवाला (विहिरीत पोलादी नळ बसवणारा) एका पिकअपमधून आत जातो आणि दुसऱ्याच्या गाडीत बसून बाहेर पडतो. त्याची पिकअप आतच, म्हणून वहीत तोही आतच. हॉटशॉटचा (तातडीचा माल आणणाऱ्या गाडीचा) ड्रायव्हर घाईत काच खाली न करता हात हलवून निघून जातो. अशा दोन-चार गाळलेल्या नोंदी साचल्या की वहीतला आकडा आणि पॅडवरची माणसं यांत तफावत पडते, आणि मग श्वसनयंत्र लावलेले लोक आत नसलेल्या माणसाला शोधायला विषारी वायूत शिरतात.

उपाय साधे आहेत. ‘एकूण माणसं’ असा रकाना घाला. ‘वेगळ्या गाडीने गेला’ यासाठी एक खूण ठरवा. दर पाळीबदलानंतर, म्हणजे सकाळी सात आणि संध्याकाळी सातला, गेटवरून कंपनी मॅनला आकडा कळवला जावा आणि त्याने आपल्या यादीशी ताळा करून होकार द्यावा. पाच मिनिटांचं काम आहे. पण ते कंत्राटात लिहिलेलं नसेल तर कुठलाही कंपनी मॅन फोन उचलायला बांधलेला नाही, आणि गेटवरची माणसं दोनदा दुर्लक्ष झालं की तिसऱ्यांदा फोन करत नाहीत. जो ड्रायव्हर थांबत नाही त्याच्याबद्दल तक्रार आली तर कंपनी मॅनने त्या कंपनीला त्याच दिवशी सांगावं. गेटवरच्या माणसाकडे शस्त्र नाही, अधिकारही नाही. तुमचा पाठिंबा एवढंच त्याचं बळ.

ड्रिलिंग चालू असताना एक जोडपं गेट सांभाळू शकतं. फ्रॅकिंग (पाणी आणि वाळू दाबाने सोडून खडक फोडणं) सुरू झालं की नाही. दहा हजार फूट आडव्या विहिरीत फुटामागे दोन हजार पौंड वाळू धरली तर ती दोन कोटी पौंड होते. एका ट्रकमध्ये सुमारे ५० हजार पौंड. म्हणजे एका विहिरीला फक्त वाळूचे ४०० ट्रक, प्रत्येकाची आत आणि बाहेर अशी नोंद, आणि हल्ली एका पॅडवर तीन-चार विहिरी. डिझेल, रसायनं, क्रू व्हॅन वेगळ्या. एका गाडीची नीट नोंद करायला दीड-दोन मिनिटं लागतात. पाच ट्रक एकदम आले की रांग लागते. ही रांग कुठे उभी राहणार ते गेट आखतानाच ठरवायला हवं. ट्रॅक्टर-ट्रेलर साधारण २२ मीटर लांब असतो. गेट हमरस्त्यापासून पंधरा-वीस मीटरवर असेल तर पहिल्याच ट्रकची शेपटी रस्त्यावर राहते. पेकॉसच्या बाजूच्या यूएस २८५ ला लोक ‘डेथ हायवे’ म्हणतात, आणि तिथे रात्री भरधाव येणाऱ्याला उभ्या ट्रेलरची मागची बाजू दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. गेट किमान ५० मीटर आत घ्या, दोन ट्रक मावतील एवढं. फ्रॅकच्या दिवसांत पाळीला दोन माणसं द्या, एक येणाऱ्यांना आणि एक जाणाऱ्यांना. लाइट टॉवरचे दिवे आडवे, रस्त्याच्या बाजूने पडतील असे लावा. समोरून लावले तर ड्रायव्हरच्या डोळ्यांवर झगमगाट येतो आणि चकाकणारं जॅकेट घातलेला माणूसही त्याला दिसत नाही.

रात्रीची झोप हा कागदावर सुटलेला आणि प्रत्यक्षात न सुटणारा प्रश्न आहे. बारा तास एकाचे, बारा दुसऱ्याचे, असं सगळे सांगतात. पण गाडी आल्याची सूचना देणारी हवेची रबरी नळी रस्त्यावर आडवी टाकलेली असते, आणि तिची घंटा आरव्हीच्या भिंतीला. पाच ॲक्सलचा ट्रक गेला की घंटा पाच वेळा वाजते, परतताना पुन्हा पाच वेळा. दहा फुटांवर झोपलेला माणूस कसला झोपतो? बिनतारी घंटा घ्या, तिचा रिसीव्हर जागणाऱ्याच्या खिशात राहू द्या. पाळीवरच्या माणसाला बसायला वेगळी छोटी खोली किंवा निदान छप्पर द्या, म्हणजे आरव्हीचं दार उघडझाप होणार नाही. आरव्ही उभी करताना झोपायची बाजू रस्त्यापासून लांब ठेवा. आठवडाभर तुटक झोप झालेल्या माणसाकडून पहाटे तीनला गाडीचा नंबर बरोबर लिहून घेण्याची अपेक्षा ठेवू नये.

विजेचंही असंच. मोठ्या आरव्हीला ५० अँपिअरची जोडणी हवी, म्हणजे १२० व्होल्टच्या दोन तारा मिळून १२,००० वॉट. ३० अँपिअरवर फक्त ३,६०० वॉट मिळतात. एक एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावला की ब्रेकर पडतो. दक्षिण टेक्सासच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हा दिवसा झोपणाऱ्याला एसी ही चैन नाही. वीस किलोवॉटचा डिझेल जनरेटर पाव ते निम्म्या भारावर दिवसाला साधारण ५५ ते ८० लिटर डिझेल पितो. २५० तासांनी ऑइल बदलायचं म्हटलं तर दिवसरात्र चालणाऱ्या यंत्राला दर दहा दिवसांनी ते करावं लागतं, आणि हे वेळापत्रक कंत्राटात हवं. पॅडचे रस्ते कलिची नावाच्या पांढऱ्या चुनखडी मुरुमाचे असतात. त्याची धूळ एअर फिल्टरमध्ये बसते आणि इंजिन धापा टाकायला लागतं. रस्त्यावर पाणी मारणं हा त्यावरचा पहिला इलाज, फिल्टर दर आठवड्याला पाहणं हा दुसरा. उलट गरजेपेक्षा फार मोठा जनरेटर दिला तर तो कमी भारावर न जळलेलं इंधन आणि काजळी धुराड्यात साठवतो. तांबड्या मुंग्या विजेच्या पेटीत घुसून संपर्क जाळतात, त्यासाठी पेटी जमिनीपासून उचलून बसवा आणि भोकं बुजवा. हिवाळा विसरू नका: फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत साधं डिझेल घट्ट झालं आणि पाण्याच्या नळ्या गोठल्या. त्या मोसमात हिवाळी डिझेल आणि नळीवर गरम पट्टी हवी.

पाण्याची टाकी सुमारे १,९०० लिटरची असते आणि ते पाणी पिण्याचं नसतं. टाकीवर तसं लिहा, पिण्याचं पाणी वेगळं पोहोचवा. मैल्याची टाकी ठरलेल्या वारी रिकामी व्हायला हवी. तो ट्रक चुकला की सांगायला फोन कुणाला करायचा, तो नंबर जोडप्याकडे असावा. बाकी साप, विंचू, रानडुकरं यांच्याशी ही माणसं स्वतःच जुळवून घेतात.

आता वायूबद्दल. यासाठीच मुळात लेखणी उचलली.

हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागी साठतो. पॅड मुरुमाची भर टाकून उंच केलेला असतो, गेट मात्र बहुधा खाली रस्त्याच्या पातळीवर. पाणी जिकडे वाहील तिकडेच हा वायू सरकतो, आणि तिकडेच आरव्ही उभी असते. थोड्या प्रमाणात सडक्या अंड्यांचा वास येतो. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास नाक बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. हाच आकडा निओश या अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने जीवाला तात्काळ धोका म्हणून ठरवला आहे. ७०० च्या पुढे माणूस काही क्षणांत कोसळतो. १९७५ साली टेक्सासमधल्या डेन्व्हर सिटीजवळ अशा गळतीत ९ जण मेले. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ओडेसात एका पंपघरात कामावर गेलेला पंपर (पंप आणि विहिरींवर देखरेख करणारा कामगार) परत आला नाही, म्हणून त्याची पत्नी मुलांना गाडीत घेऊन त्याला शोधायला गेली. दोघंही त्याच वायूने गेले. ती त्या कंपनीची कामगार नव्हती, तिच्या अंगावर वायूमापक असण्याचं काही कारणच नव्हतं. गेटवर झोपलेल्या दुसऱ्या माणसाची स्थिती अगदी हीच आहे.

टेक्सासमधल्या तेल-वायूचं नियमन करणाऱ्या रेलरोड कमिशनच्या नियम ३६ खाली तुम्ही १०० आणि ५०० पीपीएमच्या त्रिज्या (वायू सुटला तर तेवढं प्रमाण किती दूर पोहोचेल ते) काढता आणि आत घरं, शाळा, रस्ते येतात का ते पाहता. गेटवरची आरव्ही हे राहतं घर आहे असं धरून ती त्रिज्या पुन्हा तपासा. ती आत येत असेल तर आरव्ही लांब हलवा आणि गेटवर फक्त पाळीची खोली ठेवा. दक्षिण टेक्सासमध्ये वारा वर्षभर बहुतेक आग्नेयेकडून येतो, म्हणून आरव्ही विहिरीच्या आग्नेयेला ठेवली की वाऱ्याच्या वरच्या बाजूला झाली असं मानलं जातं. पण हिवाळ्यात नॉर्दर येतो, वारा तासाभरात उत्तरेकडून सुटतो, आणि सुरक्षित मानलेली जागा नेमकी वाऱ्याखाली येते. म्हणून दोन वाऱ्याच्या पिशव्या हव्यात, एक रिगवर आणि एक गेटवरून दिसेल अशी, रात्री उजेडात राहणारी. पळायच्या वाटाही दोन हव्यात.

वायूमापक दोन द्या, जागणाऱ्याला एक आणि झोपणाऱ्याच्या उशाशी एक, १० पीपीएमला वाजणारे. दर पाळीला चाचणी वायूने ते वाजतात का ते पाहायचं, त्यासाठीचा छोटा सिलिंडर गेटवरच ठेवायचा. नुसता हिरवा दिवा पाहून समाधान मानू नये. सेन्सर मेला तरी दिवा लागू शकतो. शिवाय आरव्हीत कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म हवाच. जनरेटर निदान सहा-सात मीटर दूर, धूर खिडकीकडे जाणार नाही असा.

विहिरीचा वायू जनरेटरच्या हवेच्या तोंडात गेला तर डिझेल इंजिन तोच वायू जाळून बेफाम धावतं, किल्ली बंद केली तरी थांबत नाही. रिगवरच्या इंजिनांना हवा बंद करणारी झडप असते. गेटच्या जनरेटरला बहुधा नसते, कारण तो ‘रिगचा’ धरला जात नाही. २००५ साली टेक्सास सिटीच्या रिफायनरीत १५ जण गेले, ते सगळे तात्पुरत्या ट्रेलरांत किंवा त्यांच्या आसपास होते, आणि पेट घ्यायला एक चालू ठेवलेली डिझेल पिकअप निमित्त झाली असं तपासात निघालं. त्यानंतर रिफायनऱ्यांनी ट्रेलर कुठे ठेवायचे याचे नियम बदलले. त्या नियमांमागचा विचार तुम्हाला पाठ आहे. तो गेटपर्यंत आणा.

आणि पळायचं कशाने? फिफ्थ-व्हीलच्या (पिकअपने ओढायच्या मोठ्या आरव्हीच्या) सरकत्या बाजू बाहेर काढलेल्या असतात, पाण्याची आणि मैल्याची नळी जोडलेली असते. तिला पिकअपला जोडून निघायला अर्धा-पाऊण तास लागतो. आणीबाणीत ती सोडूनच द्यायची. जोडप्याची पिकअप तोंड रस्त्याकडे करून, किल्लीसकट, अर्ध्याहून जास्त टाकी भरून उभी राहील एवढी मोकळी जागा गेटवर ठेवा; ट्रक तिच्यापुढे लागू देऊ नका. निघताना वही बरोबर घ्यायची, मस्टरच्या (आणीबाणीत सगळ्यांनी जमायच्या) जागेवर ती कुणाच्या हाती द्यायची ते आधी ठरवायचं. गेट हीच मस्टरची जागा असेल तर वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला पर्यायी जागा हवीच. विहिरीचं नाव, नंबर, गेटचे अक्षांश-रेखांश आणि जवळच्या गावापासूनचं वळण एका कागदावर लिहून आरव्हीच्या दारावर चिकटवा. ९११ वर बोलणाऱ्याला घराचा पत्ता लागतो, आणि लव्हिंग काउंटीसारख्या जागी, जिथे २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं होती, तो पत्ताच नसतो. फोनची रेंज नसेल तर अँटेना आणि रिगशी जोडलेला रेडिओ तुम्ही द्या. जोडप्याला ब्रीफिंगला बोलवा, पहिल्याच दिवशी, दोघांनाही. रिगवरचा नवा रफनेक सुरक्षेचा तास ऐकल्याशिवाय पॅडवर पाऊल ठेवत नाही. गेटवरचा माणूस महिना महिना राहून तो तास ऐकत नाही.

जमीनमालकाच्या फाटकावर साखळीत एकात एक अडकवलेली कुलपं असतात, प्रत्येक कंपनीचं एक. कुणी घाईत आपलं कुलूप दुसऱ्याला वगळून साखळीत घातलं की त्या दुसऱ्याला फाटक उघडता येत नाही. रुग्णवाहिकेच्या वाटेवरची अशी सगळी कुलपं जोडप्याला दाखवून, किल्ल्या आणि आकडे देऊन ठेवा.

शेवटचा मुद्दा पॅड मोकळा करण्याचा. २०१४ च्या उन्हाळ्यात शंभर डॉलरांवर असलेलं तेल २०१६ च्या सुरुवातीला तिशीच्या खाली आलं, आणि २० एप्रिल २०२० ला एका दिवसासाठी उणे ३७.६३ वर गेलं. अशा दिवसांत रिग थांबते आणि गेटही त्याच दुपारी बंद होतं. जोडप्याचं घर तिथेच असतं. त्यांना टाक्या रिकाम्या करून, नळ्या काढून, बाजू आत घेऊन दुसरी जागा शोधायची असते, आणि अंधारात कलिचीच्या रस्त्यावरून चाळीस फुटी ट्रेलर ओढायचा नसतो. कंत्राटात ७२ तासांची पूर्वसूचना, त्या दिवसांचा पूर्ण दर, आणि निघण्याच्या सकाळपर्यंत जनरेटर चालू ठेवण्याची अट घाला. कॅमेरे आणि आपोआप उघडणारी फाटकं येत आहेत, काही गेटं त्यांच्यावर जातीलच. जिथे माणूस ठेवता आहात तिथे वरच्या सगळ्या गोष्टी पुढच्या पॅडपासून नकाशात आणि कंत्राटात दिसाव्यात, अशी विनंती.

आपले,
टेक्सासच्या तेलक्षेत्रांत सुरक्षेचं काम करणारे काही मराठी सहकारी